झाकणावरचा उपडा चमचा

कोलकात्यात बागबाजारच्या एका तीन खोल्यांच्या घरात मिठाबद्दल एक कायदा होता आणि तो प्रतिभाबाईंनी केला होता. आमटीत मीठ घातलं की भांड्याच्या झाकणावर चमचा उपडा ठेवायचा. चमचा उपडा दिसला की समजायचं, मीठ पडलंय, आता हात आवरा. देवयानी सून म्हणून घरात आली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत आमटी पाच वेळा तोंडात घालवेना अशी झाली होती. सासूने मीठ घातलेलं असायचं, आणि राहून गेलं असेल म्हणून सूनही घालायची. दोघी कामाला वाघ, दोघींना दुसरीचं ओझं हलकं करायची हौस. आळशी घरात जेवण अळणी होतं आणि कामसू घरात खारट, असं तिचे सासरे रघुनाथराव तेव्हा म्हणाले होते आणि दोन तांबे पाणी प्यायले होते. दुसऱ्या दिवशी चमचा उपडा झाला तो आजतागायत.

रघुनाथराव मूळचे कोकणातल्या खाडीकाठचे. बँकेने त्यांना तीन वर्षांसाठी कोलकात्याला पाठवलं, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन शहराभोवती खंदक खणायला जिथून सुरुवात झाली, नेमकं तिथेच त्यांनी बिऱ्हाड केलं. शेजारचे घोषबाबू पूजेच्या दिवसांत मिठाई घेऊन येत आणि खंदकाचा सगळा खर्च पाण्यात गेला असं वर्षातून एकदा न चुकता सांगत. रघुनाथरावही न चुकता हसत. मुलगा सिद्धेश, देवयानीचा नवरा, त्याच बँकेत चिकटला आणि बदलीवर रांचीला होता. महिन्यातून दोनदा घरी यायचा. घर चालायचं ते तिघांवर: सासू, सासरे आणि देवयानी.

आता देवयानीचं काम सांगायला हवं, कारण ते ऐकून लोकांच्या भुवया वर जातात. एस्प्लनेडला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक छोटी सहल कंपनी आहे. तिथे देवयानीच्या वाट्याला वेल्सचा समुद्रकिनारा आला होता. लेकाकडे, लेकीकडे विलायतेला जाणाऱ्या आजीआजोबांना नातवंडांसकट एकेक दिवस कुठे फिरायला न्यायचं, ते ती आखून द्यायची. लान्डुडनोच्या टेकडीवर चढणारी जुनी ट्राम, टेन्बीची रंगीत घरं, उन्हाळ्यात बेटांवर घरटी करणारे लाल चोचीचे पफिन पक्षी, पेंब्रोकचा किल्ला. कुठल्या धक्क्याला किती पायऱ्या, कठडा उजवीकडे की डावीकडे, बाक कुठे, स्वच्छतागृह किती पावलांवर, कुठल्या दुकानातल्या बटाट्याच्या चिप्स वेगळ्या तेलात तळतात, हे सगळं तिला तोंडपाठ. नऊ वर्षांत तिने स्वतः मात्र बंगालमधल्याच दिघ्याच्या पुढचा समुद्र पाहिला नव्हता. तिला त्याची खंतही नव्हती. लोकांच्या सुखात आपला हात लागतो याचंच तिला अप्रूप होतं, आणि अशी माणसं जगात थोडी असतात.

त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीला फार मान. पाणी दोन-तीन मजले चढतं आणि तेवढंच उतरतं. म्हणून देवयानीच्या प्रत्येक कागदावर ओहोटीची वेळ असायची. आणि भरती-ओहोटी म्हटलं की रघुनाथराव आलेच. त्यांचे वडील खाडीवर तर, म्हणजे होडी, चालवायचे, माणसं आणि गुरं या काठावरून त्या काठाला न्यायचे. घड्याळ घरात नव्हतं, पंचांग होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा तिकडचा हिशोब. शाळेत पोरं पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करताना रडायची, रघुनाथराव मात्र ती वडिलांच्या तरीवर शिकले. कोलकात्यात आल्यावर त्यांनी हुगळीशी सूत जमवलं. रोज संध्याकाळी बागबाजार घाटावर बसायचं, पाणी कधी फिरलं ते बघायचं आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहायचं. त्या वेळेची घरात कोणाला काडीची गरज नव्हती. गॅसच्या तारखेशेजारी हुगळीची भरती, असा तो संसार होता.

सून वेल्सच्या ओहोटीचे कागद घेऊन बसते हे कळल्यावर म्हाताऱ्याला जे बळ आलं ते काय सांगावं. चार वर्षांपूर्वी त्यांनीच भिंग लावून कोष्टकाखालची बारीक अक्षरं वाचली होती आणि तिला दाखवून दिलं होतं की तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. तो तास या कोष्टकात धरलेला नसतो, तो आपण मिळवायचा. तेव्हापासून देवयानी न विसरता तास मिळवायची. रघुनाथराव तिच्या कागदांवरून वेळा एका वहीत उतरवून घ्यायचे, आणि वर्षभराने त्यांना एक गंमत सापडली. कोकणात जी भरतीची वेळ निघते तिच्यात उन्हाळ्यात दोन तास मिळवले की टेन्बीकडच्या ओहोटीची वेळ येते, पाचदहा मिनिटं इकडे तिकडे. हा शोध त्यांनी घोषबाबूंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितला.

मग मार्चमध्ये माशी शिंकली. देवयानी घरून एका गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि रघुनाथरावांनी मागून येऊन, ही वेळ चूक आहे, तास राहिलाय, असं मोठ्याने सांगितलं. सहलीची तारीख घड्याळं पुढे होण्याआधीची होती. वेळ बरोबर होती, चुकले होते ते. गिऱ्हाईक बिथरलं आणि त्याने सहल रद्द केली. देवयानी सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. तुमची पाऊणकी घाटावर ठेवा." वही कपाटात गेली. दिनदर्शिकेवर हुगळी चालू राहिली, वेल्स बंद झालं. देवयानीला रात्री वाईट वाटलं, पण माफी मागायची वेळ एकदा टळली की ती टळतच जाते, तसं झालं.

एप्रिलमध्ये सुहासिनीबाई ऑफिसात आल्या. वय एकाहत्तर, जन्मापासून कोलकात्यात, शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एका गुडघ्याची वाटी नुकतीच बदललेली. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मुलगा सलील लंडनला होता, सून श्रुती, दोन नातवंडं, आणि सगळ्यांनी मिळून आठ दिवस वेल्सच्या किनाऱ्यावर जायचं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या की आजवर प्रत्येक सहलीत त्यांना पर्सा सांभाळायला बाकावर बसवण्यात आलं आहे. "मला बाक नको दाखवूस. मला चालायचंय. गुडघा काय देव्हाऱ्यात ठेवायला बदलून घेतलाय?"

देवयानीने हसून होकार दिला आणि खास त्यांच्यासाठी सातव्या दिवशी एक बेट घातलं. टेन्बीच्या पुढे किनाऱ्याजवळ एक छोटं बेट होतं. ओहोटी लागली की मधला खडकाळ पट्टा उघडा पडायचा आणि माणसं चालत पलीकडे जायची. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास वाट मोकळी, मग पाणी. देवयानीने लिहून दिलं: ओहोटी दुपारी पावणेएकला, डबा बेटावरच खावा, सव्वादोनपर्यंत परत निघावं, पावणेतीनला वाट बंद. सुहासिनीबाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता.

तो सातवा दिवस शनिवार होता, ज्येष्ठातली शुद्ध त्रयोदशी. कोलकात्यात उकाड्याने जीव नकोसा झालेला. पाच वाजता प्रतिभाबाईंनी चहा टाकला. देवयानी घरीच होती. ती कौतुकाने सासूला सांगत होती की आता तिकडे दुपारचा साडेबाराचा सुमार, ओहोटी पावणेएकची, सुहासिनीबाई बेटावर पोचल्या असतील, पोरांबरोबर खडकांवरून फिरत असतील, सव्वादोनपर्यंत त्यांना घाई नाही. त्यांनी सकाळी फोटोही पाठवला होता: निळी साडी, पायात मुलाचे बूट, तोंडभर हसू.

रघुनाथराव घाटावर जायला चपला घालत होते. ते दारातच थांबले. मग बाहेर पडले. जिन्यावरून परत आले, खुंटीवरची छत्री उगाच काढली आणि पुन्हा खाली गेले. प्रतिभाबाईंनी विचारलं की काही विसरलात का, तर नाही म्हणाले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा चपला काढून ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि दिनदर्शिकेसमोर उभे राहिले. त्यांची बोटं हलताना देवयानीला दिसत होती.

"देवयानी," ते म्हणाले, "तू रागावशील. पण आज त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. त्यात दोन मिळव. पावणेबारा होतात, पावणेएक नाही."

देवयानीच्या कपाळावर आठी आलीच. तिला मार्च आठवला. ती काहीतरी बोलणार होती, आणि तिने सासऱ्यांचा चेहरा पाहिला. एकदा तोंडघशी पडलेला माणूस पुन्हा त्याच गोष्टीसाठी तोंड उघडतो तेव्हा त्याला ते किती जड जातं, हे त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. दोनदा दारातून परत जाऊन तो आला होता. ती उठली आणि तिने कागद काढला. कोष्टक ऑफिसातली मानसी तयार करायची, नवी मुलगी, अतिशय टापटिपीची. देवयानीने तिला फोन लावून विचारलं की मे महिन्याच्या वेळांत उन्हाळ्याचा तास आहे का.

"हो ताई," मानसी म्हणाली. "तुम्हाला दर वेळी मिळवायला लागतो ना, म्हणून यंदापासून मीच मिळवून ठेवते."

देवयानीने कागदावरची वेळ पुन्हा पाहिली. मानसीने मिळवला होता, आणि मग देवयानीने पुन्हा मिळवला होता. सुहासिनीबाईंच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला तो कागद एक तास खोटा होता. वाट पावणेतीनला नाही, पावणेदोनला बंद होणार होती. घड्याळात साडेपाच वाजले होते, म्हणजे तिकडे एक. पंचेचाळीस मिनिटं उरली होती, आणि नव्या गुडघ्याच्या बाईला खडकांवरून परत यायला अर्धा तास सहज लागणार होता. वरून पौर्णिमा दोन दिवसांवर, पाणी दांडगं.

सलीलचा फोन लागेना. श्रुतीचाही लागेना. बेटावर फोनला रेंज नसते, हे देवयानीनेच कागदावर लिहिलं होतं आणि त्याखाली, निवांतपणा मिळेल, असंही लिहिलं होतं. ती स्वतःचीच फाइल उलटसुलट चाळत होती. प्रतिभाबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या की तुझ्या फाइलमध्ये प्रत्येक जागेपाशी कोणाचा ना कोणाचा नंबर असतो, तो सांग, मी लावते.

आणि नंबर होता. बेटासमोरच्या टेकडीवर पहारेकऱ्यांची एक चौकी होती. गावातली निवृत्त मंडळी आळीपाळीने तिथे दुर्बीण घेऊन बसायची. तीन वर्षांपूर्वी देवयानीने, तिथे बसायला बाक आहे का, एवढं विचारायला फोन करून तो नंबर टिपला होता. आता एका म्हाताऱ्याने फोन उचलला. तिने सांगितलं की ती कोलकात्याहून बोलते आहे. त्याने शांतपणे विचारलं की मी काय करू. तिने पाच माणसं, त्यांत दोन मुलं, निळी साडी, सगळं सांगितलं. दुर्बीण फिरवायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात देवयानीने तीन देवांना नवस केले. सापडली, तो म्हणाला. बेटाच्या पार टोकाला बसल्या आहेत, बहुतेक काही खात आहेत. किनाऱ्याकडची सगळी माणसं परतली आहेत, ही पाचच उरली. मी भोंगा वाजवतो आणि खाली जाऊन त्यांना घेऊन येतो, तू फोन मोकळा ठेव.

मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. खाली ट्रामच्या रस्त्यावर भेळपुरीवाला घंटी वाजवत होता. घोषबाबूंकडे संध्याकाळचा शंख वाजला. रघुनाथराव दिनदर्शिकेखालच्या स्टुलावर मनगटावरचं घड्याळ काढून, हातात धरून बसले होते. सहा झाले. सहा दहा झाले. देवयानीला वाटत होतं, त्या बाईने बाक नको म्हटलं होतं. आपण तिला बाक द्यायला हवा होता.

"तास मिळवायचा, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलं," रघुनाथराव एकदम म्हणाले. "चूक माझी आहे."

"चूक कोणाची नाही आणि सगळ्यांची आहे," प्रतिभाबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "मीठ दोघींनी घातलं, आणि चमचा कोणीच उपडा ठेवला नाही."

सहा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. तोच म्हातारा. त्याला धाप लागली होती. सगळे आले, तो म्हणाला. मुलं पुढे पळाली, मधली दोघं त्यांच्यामागून आली, आणि आजीबाई माझा हात धरून सगळ्यांत शेवटी. शेवटच्या वीस पावलांत पाणी बुटांच्या वर होतं. त्या म्हणाल्या की घाई करू नका, मला मजा येतेय. आता त्या विचारताहेत की देवयानी कोण आणि तिला कसं कळलं.

देवयानीने फोन ठेवला आणि ती रडली, अगदी लहान मुलीसारखी, ओट्यावर डोकं ठेवून. मग तोंड धुऊन ती सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली. नमस्कार वगैरे तिला नाटकी वाटला असता. ती म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये मी तुम्हाला बोलले ते चुकलं, आणि माफी मागितली नाही ते त्याहून चुकलं. तुम्ही आज दुसऱ्यांदा जिना चढलात, त्याचे उपकार मी कसे मानू मला कळत नाही." रघुनाथरावांनी घड्याळ मनगटाला बांधायला घेतलं आणि ते तीनदा उलटं बांधलं.

सातच्या सुमाराला सुहासिनीबाईंचा व्हिडिओ फोन आला. देवयानीने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं: चूक कशी झाली, किती मोठी होती, आणि ती कोणी पकडली. कंपनीलाही ती सोमवारी सांगणार होती. सलीलचा चेहरा पडद्यावर कठोर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सुहासिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गणिताच्या बाई ऐकतात तसं, मध्ये न बोलता.

"एका तासाची चूक मोठी आहे, देवयानी," त्या म्हणाल्या. "मी गुण कापले असते. पण कुठे चुकलं ते स्वतः शोधून, वेळेत येऊन सांगणारी मुलं मला चाळीस वर्षांत फार थोडी मिळाली. आणि अगं, मी समुद्रातून चालले. ते कोण पाऊणकीवाले, त्यांना दे फोन."

मग सुहासिनीबाईंनी आपला फोन समुद्राकडे वळवला. बेट आता खरंखुरं बेट झालं होतं. जिथून त्या पाऊण तासापूर्वी चालत आल्या होत्या तिथे हिरवट पाणी उसळत होतं. रघुनाथरावांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि ते स्टुलावर बसून बघत राहिले. वडिलांची तर, ती खाडी, एक्केचाळीस वर्षं, काय काय त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असेल ते त्यांनाच माहीत. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मग त्यांनी विचारलं की वाट नेमकी कितीला बुडाली. चौकीवाल्या म्हाताऱ्याने मागून सांगितलं, एक त्रेपन्न. आठ मिनिटांचा फरक, रघुनाथराव म्हणाले, तेवढा चालतो.

सोमवारी ऑफिसात व्हायचं ते झालं. देवयानीला लेखी समज मिळाली आणि ती तिने निमूट घेतली. मानसी रडली तेव्हा देवयानीने तिला आमटीची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून त्या दोघींच्या कोष्टकांवर, तास मिळवला की वेळेशेजारी एक छोटा उपडा चमचा काढलेला असतो. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय चित्र. देवयानी सांगते, आमच्या घरची खूण आहे. आणि कागद गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी एक रात्र बागबाजारला रघुनाथरावांपाशी मुक्काम करतो.

जुलैत सुहासिनीबाई परत आल्या आणि काठी न घेता जिना चढून बागबाजारच्या घरी आल्या. प्रतिभाबाईंसाठी त्यांनी बिस्किटं आणली होती, देवयानीसाठी बेटावरचा एक गुळगुळीत करडा दगड. रघुनाथरावांच्या हातात त्यांनी एक पातळ पिवळी पुस्तिका ठेवली. टेन्बीच्या बंदरावरच्या दुकानात मिळणारं वर्षभराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक. आतल्या पानावर चौकीवाल्या म्हाताऱ्याने सही करून लिहिलं होतं: कोलकात्यातल्या सहकाऱ्यास.

सहकारी हा शब्द रघुनाथरावांनी दोनदा वाचला. चहा झाला, लाडू झाले, पाहुण्या गेल्या. मग त्यांनी भिंग काढून पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचली. तास धरलेला नव्हता. ते दिनदर्शिकेखालच्या स्टुलावर बसले, कपाटातली जुनी वही मांडीवर घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि जुलैपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत एकेक वेळ पुढे सरकवत गेले. संध्याकाळ झाली तरी घाटावर गेले नाहीत. देवयानी दिवा लावायला आली तेव्हा ते शेवटच्या पानावर होते. त्यांनी पुस्तिका मिटली, मुखपृष्ठावर मधोमध एक उपडा चमचा काढला, आणि तिच्या हातात दिली.

"घातलंय गं मीठ," ते म्हणाले. "तू आता घालू नकोस."